चाकांवरचे घर आणि शेतकऱ्याचे अंगण

(व्याख्याता, कृषिविद्या विभाग)

शेतीला पूरक धंदा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाय, कोंबडी, रेशीम किंवा मधमाशी येते. गेल्या काही वर्षांत त्यात कृषी पर्यटनाची भर पडली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. हे घर घेऊन प्रवासी गडाच्या पायथ्याशी, जुन्या देवळाजवळ, आडवळणाच्या गावात येतो आणि रात्री थांबायला जागा शोधतो. ती जागा पुष्कळदा शेतकऱ्याच्याच मालकीची असते.

ही जागा द्यावी का, कशी द्यावी आणि देताना आपली जमीन व विहीर कशी सांभाळावी, याचा विचार या लेखात केला आहे. युरोपातील, विशेषतः फ्रान्समधील शेतकऱ्यांना या कामाचा तीस वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. म्हणून सुरुवात तिथून करू.

मोटारहोम म्हणजे काय?

मोटारीच्या मागे जोडून ओढतात ती खरी कॅराव्हॅन. इंजिन व घर एकाच गाडीत असते ते मोटारहोम. आपल्याकडे दोन्हींना सरसकट कॅराव्हॅन म्हणतात. साधारण मोटारहोम ६ ते ७ मीटर लांब व सुमारे ३ मीटर उंच असते. त्यात दोन ते चार माणसांची झोपण्याची सोय, गॅसची शेगडी, भांडी धुण्याची मोरी, छोटा शीतपेटा, न्हाणी व शौचकूप असतो. स्वच्छ पाण्याची टाकी बहुधा १०० लिटरच्या आसपास असते. मोरीचे व अंघोळीचे पाणी खालच्या वेगळ्या टाकीत साठते. शौचकुपाखाली सुमारे २० लिटरची पेटी असते. ती बाहेर काढून रिकामी करता येते. दिव्यांसाठी वेगळी बॅटरी असते व पुष्कळ गाड्यांच्या टपावर सौर पट्टीही असते.

युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर ३.५ टनांपर्यंतची गाडी चालवण्याची मर्यादा दीर्घकाळ राहिली. त्यामुळे बहुतेक मोटारहोम सामानासह त्याच वजनात बसवलेली असतात. हा ३.५ टनांचा आकडा लक्षात ठेवावा. पुढे जमिनीचा विचार करताना तो उपयोगी पडणार आहे.

पेरिगोरमधील एक वाट

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात दोर्दोन्य नावाची नदी आहे व त्याच नावाचा जिल्हा आहे. या मुलखाचे जुने नाव पेरिगोर. हा भाग अक्रोड, स्ट्रॉबेरी, बदकपालन आणि जमिनीखाली वाढणारी ट्रफल नावाची अळंबी यांसाठी प्रसिद्ध आहे. मोठी शहरे थोडी, जुनी गावे पुष्कळ. असा प्रदेश मोटारहोमच्या प्रवासाला फार सोयीचा असतो.

समजा, आपण सप्टेंबरच्या शेवटी तेथे अशी गाडी घेऊन निघालात. पहिला मुक्काम मोंतिन्याक या लहान गावी. याच गावाजवळ १९४० मध्ये लास्कोची गुहा सापडली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने तिच्या भिंतींवर बैल, घोडे व हरणे रंगवली आहेत. तेथून दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर सार्ला हे पिवळसर दगडी घरांचे गाव आहे. फ्रान्सने १९६२ मध्ये जुन्या वस्त्या जतन करण्याचा कायदा केला. त्या कायद्याखाली दुरुस्त झालेल्या पहिल्या गावांपैकी हे एक. येथे बुधवारी व शनिवारी बाजार भरतो. पाचशे वर्षांच्या जुन्या भिंतींच्या सावलीत शेतकरी अक्रोड, चीज व भाजी मांडून बसतात.

सार्लापासून थोड्या अंतरावर डोंगरावर दोम हे तटबंदीचे गाव आहे. ते १२८१ मध्ये वसवले गेले. त्याची वेस बैलगाडीच्या मापाची. मोटारहोम तटाबाहेर ठेवून पायी आत जावे. पुढे मोंपाझिये. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ च्या सुमारास हे गाव वसवले. त्या काळी या मुलखावर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. गावाचे रस्ते शेतातल्या सरींसारखे सरळ व काटकोनात आखलेले आहेत. मधल्या चौकात लाकडी छपराचा बाजार आहे आणि त्यात धान्य मोजण्याची जुनी मापे अजून जपून ठेवली आहेत. आपल्याकडील पायली-शेराची आठवण व्हावी अशीच ती आहेत. गाव राजाने वसवले असले तरी ते टिकले ते आसपासच्या शेतकऱ्याच्या धान्यावर, हे ती मापे पाहिल्यावर कळते.

ही सगळी वाट शंभर किलोमीटरच्या आतली. मोटारीने ती एका दिवसात संपते. मोटारहोमवाला मात्र त्यासाठी चार-पाच दिवस घेतो, कारण त्याला संध्याकाळपर्यंत हॉटेल गाठायचे नसते. म्हणूनच लहान गावांना हा प्रवासी मोलाचा वाटतो. तो गावातला पाव घेतो, बाजारातली भाजी घेतो व चुलीवर स्वतः रांधतो.

अशा प्रवाशांसाठी फ्रान्समधील पुष्कळ ग्रामपालिकांनी गावाबाहेर थांबे बांधले आहेत. तेथे पिण्याचे पाणी भरण्याचा नळ, सांडपाणी सोडण्याची जाळी व शौचपेटी रिकामी करण्याची जागा एकत्र असते. गावाच्या गटारात किंवा ओढ्यात घाण जाऊ नये, हा त्यामागचा पहिला हेतू.

शेतकऱ्याच्या अंगणातील रात्र

ग्रामपालिकेच्या थांब्याशिवाय दुसरी सोय शेतकऱ्यांची आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ‘फ्रान्स पासियाँ’ या नावाची योजना सुरू झाली. तिच्यात द्राक्ष बागायतदार, पशुपालक, फळबागवाले असे सुमारे दोन हजार यजमान आहेत. योजनेची रीत अगदी साधी आहे.

१) प्रवासी वर्षाची वर्गणी भरतो. त्याला यजमानांची मार्गदर्शिका व गाडीच्या काचेवर लावायची पट्टी मिळते.

२) शेतकरी एक ते चार-पाच गाड्यांपुरती जागा देतो. मुक्काम २४ तासांपर्यंत असतो व त्याचे भाडे नसते.

३) प्रवाशाच्या गाडीत स्वतःचा शौचकूप व सांडपाण्याची टाकी असलीच पाहिजे. जमिनीवर काहीही ओतायचे नाही.

४) आल्यावर प्रथम यजमानाला भेटायचे, निघताना निरोप घ्यायचा. शेतमाल विकत घेण्याची सक्ती नाही.

तुम्ही म्हणाल, भाडे नाही, खरेदीची सक्ती नाही, मग शेतकऱ्याचा फायदा काय? फायदा असा की गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने शेतावर येते आणि रात्रभर राहते. संध्याकाळी तो अक्रोडाची बाग पाहतो. अक्रोड कसे वाळवतात, फोडून गर कसा काढतात, घाण्यात तेल कसे गाळतात हे विचारतो. एक लिटर तेलाला सुमारे दोन किलो गर लागतो हे त्याने पाहिले की बाटलीची किंमत त्याला जड वाटत नाही. सकाळी निघताना तो एक-दोन बाटल्या घेतो. मध्ये दलाल नाही, हमाली नाही, वाहतूक नाही. शिवाय शेतकऱ्याला खोली बांधावी लागली नाही, चादरी धुवाव्या लागल्या नाहीत. पाहुण्याने आपली खोली आपल्याबरोबर आणली होती.

फ्रान्समधील कृषी मंडळांनी १९८८ पासून शेतावरील विक्री व पाहुणचारासाठी स्वतंत्र जाळेही उभे केले आहे. इटलीने तर १९८५ मध्येच कृषी पर्यटनाचा कायदा केला. त्या कायद्याचे मुख्य सूत्र असे, की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे व पाहुणचार त्याला जोड म्हणून असावा. हे सूत्र आपणही गाठीला बांधावे.

लास्कोच्या गुहेचा धडा

वर उल्लेखिलेली लास्कोची गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. रोज शेकडो माणसे येऊ लागली. माणसांच्या श्वासातील कर्बवायू, ओलावा व उष्णता यांमुळे भिंतींवर शेवाळ चढू लागले. हजारो वर्षे टिकलेली चित्रे पंधरा वर्षांत धोक्यात आली. शेवटी १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. आज प्रवासी पाहतात ती तिची हुबेहूब प्रतिकृती.

पाहुण्यांनी वाईट हेतूने काही केले नव्हते. तरीही नुकसान झाले. शेताचेही तसेच आहे. गुहेची प्रतिकृती करता आली, पण विहिरीची व काळ्या जमिनीची प्रतिकृती करता येत नाही. म्हणून पाहुणा येण्यापूर्वीच पुढील काळजी घ्यावी.

१. जागेची निवड

आमच्या घरचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये शहरातील स्नेही मोठी गाडी घेऊन आमच्या शेतावर आले. आम्ही कौतुकाने गाडी थेट पट्टीच्या कडेला घ्यायला लावली. रात्री पाऊस झाला आणि चाके रुतली. सकाळी ट्रॅक्टरने ओढून काढताना दोन खोल चाकोऱ्या पडल्या. त्या रब्बीत इतरत्र ज्वारी कमरेच्या वर असताना त्या दोन पट्ट्यांत ती गुडघ्याएवढीच राहिली. पुढच्या वर्षीही फरक दिसत होता. कृषिविद्या शिकवणाऱ्याच्या शेतावर हे घडले, हे कबूल करताना संकोच वाटतो, पण तुमचे नुकसान टळावे म्हणून लिहिले.

असे का झाले? ३.५ टनांची गाडी म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ८७५ किलो भार. अशा गाडीच्या चाकात हवेचा दाब ५५ ते ८० पौंड असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या रुंद चाकात तो साधारण १२ ते २० पौंडच ठेवतात. चाकातील हवा जितकी कडक, तितका जमिनीवरचा दाब जास्त. ओल्या काळ्या जमिनीत चिकणमाती फुगलेली असते व तिची भार पेलण्याची ताकद कमी असते. कण एकमेकांवर दाबले जातात, हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही व मुळे खाली जात नाहीत.

म्हणून गाडीसाठी पिकाची जमीन कधीही देऊ नये. मुरमाड माळ, जुने खळे किंवा घराजवळची कठीण जागा निवडावी. एका गाडीला ८ मीटर लांब व ५ मीटर रुंद जागा पुरते. तिच्यावर २० सेंटिमीटर जाडीचा मुरूम पसरून धुम्मस करावा. दबाई धरून सुमारे साडेतीन ब्रास मुरूम लागेल. एका बाजूस हलका उतार व कडेने चर ठेवावा. फाटक किमान ४ मीटर रुंद असावे. वाटेवर लोंबणाऱ्या विजेच्या तारा व आडव्या फांद्या आधी पाहून घ्याव्यात, कारण गाडीची उंची ड्रायव्हरच्या लक्षात राहतेच असे नाही. पावसाळ्यात वाफसा नसताना कच्च्या वाटेने गाडी घेण्यास स्पष्ट नकार द्यावा.

२. पाणी

एका गाडीची टाकी भरण्यास १०० लिटर पाणी पुरते. हे फार नाही. परंतु मे महिन्यात गावाला टँकर येत असताना पाहुण्याच्या गाडीला पाणी देणे शोभणारे नाही. त्या काळात टाकी भरून येण्यास सांगावे किंवा मुक्काम बंद ठेवावा. पिण्यासाठी देत असलेल्या पाण्याची वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

३. सांडपाणी व शौचपेटी

सर्वांत जास्त धोका येथे आहे. शौचपेटीत वास येऊ नये म्हणून पुष्कळदा रसायन टाकतात. काही रसायनांत फॉर्मल्डिहाइडसारखे जंतुनाशक असते. ते मैला कुजू देत नाही. असा मैला गोबरगॅसच्या टाकीत ओतल्यास गॅस तयार करणारे जिवाणू मरतात व संयंत्र बंद पडू शकते. तो शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यावर, ओढ्यात किंवा शेतात ओतण्यास परवानगी देऊ नये. आपल्याकडे सोय नसल्यास तसे आधीच सांगावे. पेटी शहरातील योग्य ठिकाणी रिकामी करण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे.

मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा करावा. तो विहिरीपासून किमान १५ मीटर दूर व विहिरीच्या उताराखालच्या बाजूस असावा. खडकाला फटी असतील तर अंतर याहून पुष्कळ अधिक ठेवावे. खड्ड्याभोवती कर्दळ किंवा केळी लावाव्यात. साबणातील सोडियममुळे काळ्या जमिनीचा पोत बिघडतो, म्हणून हे पाणी पिकाला सतत देऊ नये.

४. फवारणी व औषधे

पाहुणे मुक्कामास असताना व त्यांच्या आदल्या दिवशी जवळच्या पिकावर फवारणी करू नये. कीटकनाशकांचे डबे कुलपात ठेवावेत. लाल व पिवळ्या त्रिकोणाचे औषध तर मुलांच्या नजरेसही पडू नये. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे हे डब्यावरील पत्रकात दिलेले असते. ते दिवस पुरे झाल्याशिवाय पाहुण्याला झाडावरचे फळ तोडून देऊ नये.

५. तण व रोगांचा प्रसार

चाकाच्या चिखलातून तणांचे बी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात आढळले आणि पुढे त्याने देशभर काय केले ते आपण जाणतोच. गाडीच्या जागेभोवती उगवलेले नवे तण फुलावर येण्यापूर्वी उपटावे. तेल्या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या किंवा त्याची भीती असलेल्या डाळिंब बागेत, विशेषतः झाडे ओली असताना, पाहुण्यांना फिरवू नये. बाग बांधावरून दाखवावी.

हिशेब कागदावर मांडा

कृषी पर्यटन म्हटले की प्रथम खोल्या बांधण्याचा विचार होतो. येथेच अनेकांचा पाय घसरतो. पुढील आकडे केवळ हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत. आपल्या भागातील आकडे घालून तो पुन्हा मांडावा.

समजा, दोन खोल्यांसाठी ६ लाख रुपये कर्ज १० टक्के व्याजाने घेतले. वर्षाचे व्याजच ६०,००० रुपये झाले. पाहुणा येवो वा न येवो, ते भरावेच लागते.

आता समजा, खोल्या न बांधता गाडीसाठी एक जागा केली. वर्षात ४० रात्री गाड्या आल्या. रात्रीचे ३०० रुपये घेतले तर १२,००० रुपये. प्रत्येक गाडीने ६०० रुपयांचा माल घेतला तर विक्री २४,००० रुपये. पण तोच माल बाजारात निम्म्या भावाने गेलाच असता, म्हणून खरी वाढ १२,००० रुपयेच धरावी. पाणी, सफाई व दुरुस्तीचे ४,००० वजा करता हाती २०,००० रुपये राहतात.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, या उत्पन्नावर कर्जाचे व्याजही फिटत नाही. म्हणून कर्ज काढून सुरुवात करू नये. दुसरी, कर्ज नसेल तर हे वीस हजार रुपये खऱ्या अर्थाने हातात उरतात. बियाण्याचा किंवा मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून भागू शकतो.

आणखी एक बाजू घरातील स्त्रियांची. पाहुणचाराचा धंदा म्हटला की पहाटेपासून भाकऱ्या थापण्याचे काम घरच्या बाईवर पडते व पैसा मात्र पुरुषाच्या खिशात जातो. मोटारहोमचा पाहुणा आपले अन्न आपण शिजवतो. त्याला शिजवलेले जेवण देण्याऐवजी ज्वारीचे पीठ, डाळ, काकवी, लोणचे, ताजी भाजी, हंगामात हुरडा असा माल विकावा. या विक्रीचा हिशेब घरातील स्त्रीच्या नावे वेगळा ठेवावा.

आपल्या गावाजवळ काय आहे?

२०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. साल्हेर, शिवनेरी, राजगड, पन्हाळा यांच्या पायथ्याशी शेती आहे व शेतकरी आहेत. पुष्कळ गडांवर गाडी जात नाही. ती खाली कोठेतरी थांबणारच. ती रस्त्याच्या कडेला थांबली तर कचरा व घाण आपल्या शिवारात येईल. ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या नियमांनी थांबली तर गावाला दोन पैसे मिळतील. यासाठी एकट्याने धडपडण्यापेक्षा गावातील चार-पाच शेतकऱ्यांनी ग्रामपंचायतीशी बोलून एकच समाईक थांबा करावा व पाळीपाळीने माल विकावा.

सुरुवात करण्यापूर्वी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात नोंदणीची माहिती घ्यावी. शेतजमिनीवर कायमचे बांधकाम करायचे असल्यास तहसील कार्यालयात चौकशी करावी. पाणी व माती परीक्षणासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

थोडक्यात महत्त्वाचे

• पिकाची जमीन गाडीला देऊ नये. मुरमाड जागा तयार करावी.

• शौचपेटी शेतात, ओढ्यात किंवा गोबरगॅसमध्ये रिकामी करू देऊ नये.

• गाड्यांची संख्या आधी ठरवावी व ती ओलांडू नये.

• नियमांची पाटी मराठीत व हिंदीत ठळक लावावी.

• कर्ज काढून खोल्या बांधण्याची घाई करू नये. एक हंगाम एका गाडीच्या जागेवर अनुभव घ्यावा.

चाकांवरचे घर सकाळी निघून जाते. शेत, विहीर व आपण तेथेच राहतो. गाडी गेल्यावर जागा काल होती तशीच असली आणि घरात चार पैसे आले, तर हा पाहुणा आपल्याला परवडला असे समजावे. तसे होत नसेल तर त्याला नम्रपणे पुढची वाट दाखवावी.